दिल्लीची हाफ डे टूर : बसला दोन स्टार, १, सफदरजंग रोडच्या इंदिरा गांधींच्या घरी मात्र दुसऱ्या दिवशी परत गेलो

आधी बसवाल्यांचं सांगून टाकते, म्हणजे ज्यांना फक्त बुकिंग करू का नको एवढंच बघायचंय ते इथूनच परत फिरतील. नका करू. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण अशा दहा-बारा कंपन्या आहेत आणि सगळ्यांची जाहिरात एकच, तोच पांढरा टेम्पो ट्रॅव्हलर, तोच इंडिया गेटचा फोटो. आम्ही चौघी होतो, मी, आई, आत्या आणि माझी लेक (नववीत आहे). माणशी साडेसातशे रुपये, करोल बागच्या हॉटेलवरून सकाळी साडेआठचा पिकअप. गाडी आली पावणेदहाला. तोपर्यंत आत्याची रिसेप्शनवरच्या पोराची सगळी चौकशी करून झालेली, गाव कुठलं, बहिणीचं लग्न कधी, पगार वेळेवर होतो का वगैरे. गाडीतला एसी पुढच्या दोन सीटपुरता आणि पुढच्या दोन सीट म्हणजे ड्रायव्हर आणि गाईड. जेवण बरं होतं, राजमा-चावल, खोटं कशाला बोलू.

पण मेन राग वेगळाच आहे. कागदावर लिहिलं होतं इंदिरा गांधी मेमोरियल (म्हणजे सफदरजंग रोडचं त्यांचं घर, आता म्युझियम) ४५ मिनिटं. प्रत्यक्षात २५. आणि ते वाचवलेले वेळ कुठे गेले तर एका हँडिक्राफ्ट एम्पोरियममधे, तिथे पूर्ण ५० मिनिटं, आधी गालिचा कसा विणतात ते दाखवतात, चहा देतात, मग हळूच पश्मिना बाहेर काढतात. आत्या म्हणाली ही शाल अंगठीतून आरपार काढून दाखवा, तर तो माणूस म्हणाला माताजी अंगठी घरी राहिली. आत्याने स्वतःच्या बोटातली काढून पुढे केली. मग आमचा चहा संपला.

तर बसचं एवढंच. खरं लिहायचंय ते त्या घराबद्दल, कारण मी तिथे जाताना "चला, लिस्टमधे आहे तर बघून घेऊ" अशा मूडमधे होते आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पैशाने परत गेले.

त्याच्या आधी आमच्या गाईडचा किस्सा. गाडी सफदरजंग रोडकडे वळली आणि त्याने माईक घेऊन सांगितलं की इंदिराजी म्हणजे महात्मा गांधींच्या सूनबाई. मागच्या सीटवरून आत्याचा आवाज आला, "ओ भाईसाब, गांधीजी का इसमें कुछ संबंध नहीं है." सगळी बस मागे वळून बघायला लागली. आत्या ७६ वर्षांची, पुण्याची, शाळेत इतिहास शिकवून रिटायर झालेली, म्हणजे बघा. तिने तिथेच चालू केलं की फिरोज गांधी पारशी, जन्म मुंबईचा, वाढले अलाहाबादला, स्वातंत्र्याच्या चळवळीतून नेहरूंच्या घरात येणं-जाणं सुरू झालं आणि २६ मार्च १९४२ ला आनंद भवनात लग्न, साडी कुठली तर बापाने जेलमधे बसून काढलेल्या सुताची, गुलाबी रंगाची. आणि हे जावई पुढे रायबरेलीचे खासदार झाले तर लोकसभेत उभं राहून सासऱ्याच्याच सरकारचं मुंध्रा प्रकरण (एलआयसीच्या पैशांचा घोटाळा) बाहेर काढलं, अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना १९५८ मधे राजीनामा द्यावा लागला. गाईड ऐकून घेत होता बिचारा. मग माईक बंद करून म्हणाला, "आंटी, आप ही बता दो."

आता आमच्या घरातलं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आईचं माहेर कऱ्हाडजवळचं, म्हणजे यशवंतरावांचा मुलूख, घरात काँग्रेस सोडून दुसरं काही नव्हतंच. आईच्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, ती इंदिराबाईंना "बाई" म्हणायची, बाईचं मत, बाईचा शिक्का. १९७१ ला गाय-वासरू चिन्ह होतं (बैलजोडी काँग्रेस फुटली तेव्हा गेली, हाताचा पंजा १९७८ नंतरचा), आणि त्या म्हातारीचं म्हणणं एकच की बाई हाय, ती चूल वळखती. ७२ च्या दुष्काळात आई शाळकरी होती, सुकडी खाल्लेली तिला अजून आठवते, पण त्याचा दोष बाईला तिच्या घरात कुणी दिला नाही.

आणि आत्या म्हणजे अगदी उलटी बाजू. तिचे यजमान, आमचे काका, शिक्षक आणि राष्ट्र सेवादलाचे, समाजवादी, आणीबाणीत मिसाखाली (खटल्याशिवाय डांबायचा कायदा) उचलले आणि १४ महिने येरवड्याला होते. पगार बंद. पदरात दोन वर्षांचं पोर. आत्याने त्या काळात शिकवण्या केल्या, पापड लाटले, आणि जेलमधून येणारी प्रत्येक चिठ्ठी आधी दुसऱ्याच कुणीतरी वाचलेली असायची हे तिला आजही सहन होत नाही. त्यामुळे आमच्या घरी गणपतीला सगळे जमले की इंदिराबाई हा विषय काढायचा नाही असा अलिखित नियम आहे. आणि मी या दोघींना घेऊन चालले होते तिच्या घरी.

घर. पहिलं म्हणजे ते फार मोठं नाही. ल्युटेन्स दिल्लीतला एक पांढरा बंगला, झाडं, हिरवळ, बस. आमच्याकडे साखर कारखान्याच्या संचालकांचे बंगले यापेक्षा मोठे आहेत आणि त्यांना कंपाउंडला सिंह पण असतात. तिकीट नाही. आत रांगेने चालायचं, भिंतींवर पेपरची कात्रणं आणि फोटो, लहानपणापासूनचे. अलाहाबादची १९१७ सालची एकुलती एक मुलगी, बाप सारखा जेलमधे, आई आजारी. आई कमला नेहरू १९३६ ला स्वित्झर्लंडमधे लोझानला वारल्या, मुलगी तेव्हा अठरा वर्षांची. मधे काही वर्षं पुण्यात, वकील आडनावाच्या दांपत्याच्या प्युपिल्स ओन स्कूलमधे, मॅट्रिक मुंबई विद्यापीठाची, १९३४. इथे आत्या थांबली आणि जरा नाराजीनेच म्हणाली, "हं, शिकली आमच्या पुण्यातच." आई लगेच, "म्हणूनच कुणाचं ऐकत नव्हत्या, वन्सं." दोन मिनिटं शांतता. मग आत्या हसली, मी सुटकेचा श्वास टाकला.

मग शांतिनिकेतन, ऑक्सफर्डचं सॉमरव्हिल, लग्नाच्या वर्षीच नैनी जेल. राजीवचा जन्म मुंबईचा, १९४४, हे आईला माहीत नव्हतं, तिला फार आनंद झाला. आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना माहीत नसते, १९५९ ला त्या काँग्रेस अध्यक्ष झाल्या तेव्हा द्वैभाषिक मुंबई राज्य मोडून महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे करावेत याला पक्षातून जोर लावणाऱ्यांत त्या होत्या. त्याच वर्षी केरळातलं निवडून आलेलं कम्युनिस्ट सरकार बरखास्त झालं त्यातही त्यांचाच जोर होता. म्हणजे एका वर्षात दोन्ही बाया दिसतात, आत्याला पटणारी आणि न पटणारी. एक मेला झेंडावंदन करताना आपण हुतात्मे आठवतो, शाहिरांची नावं घेतो, ते बरोबरच आहे, पण दिल्लीत हे कुणाच्या टेबलावरून पुढे सरकलं ते पण कधीतरी सांगायला हवं ना.

काचेच्या मागे खोल्या आहेत तशाच ठेवलेल्या, बसायची खोली, अभ्यासिका, जेवायची. पुस्तकं खूप. फर्निचर असं की आपल्याकडे पाहुणे आले तर आपण वरून चादर टाकू. मी काचेला नाक लावून उभी होते आणि डोक्यात एकच, की या एवढ्याशा घरात काय काय ठरलं असेल. १९६६ ला मोरारजींना ३५५ विरुद्ध १६९ ने हरवून पंतप्रधान झाल्या तेव्हा पक्षातल्या बुजुर्गांना वाटलं की बाई आहे, गप्प बसेल, आपण चालवू. तीन वर्षात १९ जुलै १९६९ ला १४ बँका सरकारच्या झाल्या, राष्ट्रपतीपदाला पक्षाच्या संजीव रेड्डींना पाडून व्ही. व्ही. गिरी निवडून आणले आणि नोव्हेंबरमधे त्याच बुजुर्गांनी त्यांना पक्षातून काढलं. काढलं कसलं, पक्षच त्यांच्या मागे गेला. १९७१ ला ३५२ जागा. डिसेंबरमधे बांगलादेश, ९३ हजार युद्धकैदी. हे सगळं कात्रणांवर आहे आणि इथे आईची चाल एकदम बदलली, कंबर सरळ, जणू तिनेच लढाई जिंकलीय. आमच्या पुढे तमिळ बायकांचा एक मोठा ग्रुप होता, त्यातल्या एका म्हातारीने फोटोला हात जोडले.

आणि मग आलं ७५.

इथे आत्या बोलायला लागली आणि मला वाटलं आता गार्डबुवा येणार, पण ती हळू आवाजात बोलत होती, फक्त माझ्या लेकीशी. १२ जून १९७५, अलाहाबाद हायकोर्ट, न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा, निवडणुकीत हरलेले विरोधक राजनारायण यांची केस, बाईंची रायबरेलीची निवडणूक रद्द. कारण काय तर सरकारी नोकर असताना यशपाल कपूर प्रचारात आणि सभेची स्टेजं सरकारी यंत्रणेने बांधली. लेक म्हणाली एवढंच? आत्या म्हणाली हो, एवढंच, आजच्या मानाने काहीच नाही, पण कायदा होता ना. मग याच घराच्या बाहेरच्या चौकात बस भरभरून माणसं आणली, बाई राजीनामा देऊ नका म्हणून घोषणा द्यायला. २५ जूनला बंगालचे मुख्यमंत्री सिद्धार्थ शंकर राय याच घरी आले, रात्री आणीबाणीच्या कागदावर राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांची सही झाली, पेपरच्या ऑफिसांची वीज तोडली, आणि मंत्रिमंडळाला कधी कळलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता. "सही आधी, मीटिंग नंतर," आत्या म्हणाली, "तुझ्या शाळेत मुख्याध्यापिकेने असं केलं तर पालक सोडतील का?"

लेकीला सगळ्यात नवल वाटलं ते इंडियन एक्सप्रेसने अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती त्याचं. कोरा पेपर कसा छापतात, आणि लोकांना कळतं का कोरा का आहे ते? आत्या म्हणाली, "सगळ्यांना कळलं."

आई गप्प होती. मग तिने जे सांगितलं ते मी ४० वर्षात पहिल्यांदा ऐकलं. १९७५ च्या डिसेंबरमधे कऱ्हाडला साहित्य संमेलन होतं, यशवंतराव स्वागताध्यक्ष, म्हणजे केंद्रातले परराष्ट्रमंत्री, आणि अध्यक्ष दुर्गा भागवत. दुर्गाबाईंनी तिथे, मंत्र्यांसमोर, आणीबाणीविरुद्ध बोलून दाखवलं आणि आणीबाणीत अटक झालेले विरोधी नेते जयप्रकाश नारायण मुंबईत जसलोकमधे आजारी होते त्यांच्यासाठी लोकांना प्रार्थना करायला सांगितलं. आईचे मामा मांडवात होते, पक्के काँग्रेसवाले, ते पण उभे राहिले. घरी आल्यावर आजीने विचारलं तू कशाला उभा राहिलास, तर म्हणाले सगळेच उभे राहिले, मला एकट्याला बसवेना. आत्या हे ऐकून आईकडे बघतच राहिली. "वहिनी, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत." आई म्हणाली, "तुम्ही विषय काढू देता होय?"

(दुर्गाबाईंना पुढे ७६ ला अटक झाली. आणि ७७ च्या निवडणुकीत पुलं जनता पक्षाच्या प्रचाराच्या सभा करत फिरले. हे माझ्या पिढीला माहीत असतं, लेकीच्या पिढीला पुलं म्हणजे फक्त रील.)

एक खरं सांगते, आणीबाणीची पूर्ण हकीकत हवी असेल तर ती या घरात शोधायला जाऊ नका. हे इंदिरा गांधी मेमोरियल ट्रस्टचं, तिच्या आठवणीसाठी राखलेलं घर आहे, फिर्यादीचं नाही. नसबंदीच्या एका वर्षात ८० लाखांच्या वर ऑपरेशनं झाली, दिल्लीत तुर्कमान गेटच्या वस्तीवर बुलडोझर गेले, आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाने काय काय लिहिलंय, ते घरून वाचून जा किंवा आमच्यासारखी एक आत्या सोबत न्या. मला तर वाटतं म्युझियमला ऑडिओ गाईडपेक्षा भांडणाऱ्या दोन बायका दिल्या पाहिजेत, एक इकडची, एक तिकडची.

तेवढ्यात गाईडचा फोन, मॅडम जल्दी. आमची अजून साडी बघून व्हायची होती.

ती साडी. यासाठी लोक येतात, खोटं नाही, रांग तिथेच अडकते. केशरी रंगाची, काळा काठ, गोळ्यांची भोकं, रक्ताचे डाग आता तपकिरी झालेले. शेजारी खांद्याची पिशवी आणि चपला. मी लहानपणापासून "गोळ्या घातल्या" हे इतकं ऐकलंय की ते वाक्य म्हणजे वाक्यच होऊन गेलेलं. चपला बघितल्यावर मात्र पोटात कसंतरी झालं. साध्या, रोजच्या, अंगठ्याजवळ वापरलेल्या दिसतात अशा. आई रडत होती पदर तोंडाला लावून. आत्या काचेच्या अगदी जवळ जाऊन काठ बघत होती, तिला साड्यांतलं फार कळतं. म्हणाली, "हातमागाची आहे गं. आणि टीव्हीसाठी नेसली होती ना, म्हणजे आदल्या रात्री काढून ठेवली असेल, कुणीतरी इस्त्री केली असेल." मग बराच वेळ काही बोलली नाही. बसमधे बसल्यावर म्हणाली, "मेली तेव्हा मला वाईट नव्हतं वाटलं. आज वाटलं आणि त्याचाच मला राग येतोय."

बाहेर पडलं की ती वाट लागते. घरापासून शेजारच्या १, अकबर रोडच्या ऑफिसकडे जाणारी पायवाट, तिच्यावर काच बसवलीय, चेकोस्लोव्हाकियाने दिलेली क्रिस्टलची, वरून पाणी वाहिल्यासारखी दिसते. जिथे त्या पडल्या तेवढ्या जागी काच साफ, खालचं दिसतं. तिथे पहाऱ्याचा माणूस उभा असतो आणि कुणी मोठ्याने बोलत नाही, आमच्या बसमधला तो सतत व्हिडिओ कॉलवर असणारा काका पण गप्प झाला. वाट किती छोटी आहे हे तिथे गेल्याशिवाय कळत नाही. घर ते ऑफिस एक मिनिट सुद्धा नाही. ३१ ऑक्टोबर १९८४, सकाळी नऊ वाजून गेलेले, पलीकडे ब्रिटिश नट पीटर उस्तिनोव्ह कॅमेरे लावून मुलाखतीसाठी बसलेला, शिपाई नारायणसिंग डोक्यावर छत्री धरून, मागे त्यांचे खासगी सचिव आर. के. धवन, आणि फाटकापाशी बियंतसिंग, सतवंतसिंग, दोघं त्यांच्याच पहाऱ्यावरचे. जूनमधे सुवर्णमंदिरात लष्कर घातल्यानंतर शीख पहारेकरी बदलायची सूचना होती ती बाईंनी मानली नव्हती असं सांगतात. गोळ्या झाल्यावर ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर जागेवर नाही, म्हणून पांढऱ्या ॲम्बॅसडरमधे घालून एम्सला नेलं, सोनिया मांडीवर डोकं घेऊन बसलेल्या. एवढ्या मोठ्या देशाची पंतप्रधान आणि ऐनवेळी ड्रायव्हर नाही, हे इतकं आपलं आहे की काय बोलायचं. यानंतर पंतप्रधानांसाठी एसपीजी नावाचं वेगळं दल उभं राहिलं आणि घर रेसकोर्स रोडला गेलं.

आईला तो दिवस आठवतो, बुधवार होता, दिवाळी होऊन आठवडा झालेला, डब्यात चिवडा अजून शिल्लक. दुपारी शेजारचे बीबीसी लावून बसले होते त्यांना आधी कळलं, आकाशवाणीने संध्याकाळी सांगितलं. मी आईच्या कडेवर होते म्हणे.

आमच्या गाईडने इथे गोष्ट संपवली, "और पूरा देश रोया." आत्याने त्याला परत थांबवलं, पण या वेळी शांतपणे. म्हणाली पुढचे तीन दिवस पण सांगा. त्याने सांगितले नाहीत, तिने सांगितले, बसमधे, मराठीतच, आमच्यापुरते. दिल्लीत त्रिलोकपुरीत आणि बाकी वस्त्यांत शिखांची घरं शोधून शोधून माणसं जाळली, एकट्या दिल्लीचा सरकारी आकडा २७३३. पुढच्या सीटवर एक पंजाबी जोडपं होतं, त्यांना मराठी कळत नव्हतं पण आकडा आणि त्रिलोकपुरी एवढं कळलं असणार, त्या बाई एकदा मागे वळल्या आणि परत पुढे बघायला लागल्या.

दुसऱ्या दिवशीचा प्लॅन कुतुबमिनार होता. सकाळी चहाला आत्याच म्हणाली, "काल राजीवची बाजू बघायची राहिली. आणि मला तिच्याशी अजून भांडायचंय." मग आम्ही मेट्रोने गेलो, लोक कल्याण मार्ग स्टेशन, पिवळी लाईन, तिथून रिक्षा. घाई नाही, शिट्टी नाही, दोन तास. राजीव गांधींच्या दालनात श्रीपेरुम्बुदूरला बॉम्बस्फोटात गेले तेव्हा अंगावर होते त्या कपड्यांचे उरलेले तुकडे आणि बूट आहेत. लहान मुलं सोबत असतील तर तिथे जरा आधी सांगून ठेवा. मला सगळ्यात जास्त भिडली ती मात्र ७७ नंतरची बाई. रायबरेलीत राजनारायणांकडूनच ५५ हजारांनी हरल्या, हे घर सोडून १२, विलिंग्डन क्रिसेंटला गेल्या, वय साठीला आलेलं, चौकशा चालू. आणि त्याच वर्षी ऑगस्टमधे बिहारात बेलछीला, जिथे दलितांना मारून जाळलं होतं, तिथे निघाल्या. पाऊस, चिखल, जीप रुतली, ट्रॅक्टर रुतला, तर हत्तीवर बसून गेल्या, हौदा नसलेल्या. पुढच्या वर्षी चिकमगळूरमधून लोकसभेत परत, लगेच सभागृहाने हाकलून आठवडाभर तिहारला टाकलं, आणि १९८० च्या जानेवारीत ३५३ जागा घेऊन परत याच घरात. सहा महिन्यांत धाकटा मुलगा संजय विमान पडून गेला, विमानतळ सफदरजंगचाच, घरापासून हाकेच्या अंतरावर म्हणा ना. बेलछी हे राजकारण होतं का, होतंच. आत्या म्हणाली, "राजकारण तर होतंच गं, पण बाकीचे पुढारी पण राजकारणच करत होते ना, त्यांना कुणी हत्ती नको म्हटलं होतं?" हे आत्याच्या तोंडून! आईने माझ्याकडे असं बघितलं की बास.

जायचं असेल तर सोमवारी बंद असतं, वेळ आधी बघून घ्या, रविवारी शाळांच्या आणि साउथच्या ट्रिपांच्या बसेस लागतात तेव्हा मधल्या वारी सकाळी उघडल्या उघडल्या जा. वयस्कर माणसं असतील तर रांगेत उभं राहावं लागतं हे लक्षात ठेवा, आत्याचे गुडघे संध्याकाळी दुखत होते. शक्तिस्थळ, म्हणजे राजघाटाजवळची समाधी, तिथला तो मोठा करडा-लाल दगड, हे त्याच दिवशी करता येतं पण वेगळ्या रिक्षाने.

घराला साडेचार. अर्धा कशाला कापला ते आत्याला विचारा.

टूरवाल्यांचा रात्री मेसेज आला होता, पाच स्टार द्या आणि पुढच्या बुकिंगवर शंभर रुपये सूट मिळवा. मी दोन दिले, त्यातला एक राजम्याला. सूट तरीही आली. कुणी आग्रा करणार असेल तर कोड देते.